पर्ल व्हाइट बंपर: कोड तोच, शेड वेगळी

वाटसरू
नमस्कार मंडळी,
गाडी पांढरी आहे, पण साधी पांढरी नाही, मोतिया झाक असलेली पर्ल व्हाइट. पुढचा बंपर एका कोपऱ्यात घासला होता म्हणून अख्खा काढून रंगवून घेतला. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवरूनच दिला होता, त्यात गडबड नाही. भर उन्हात समोर उभं राहिलं तर बंपर आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) एकजीव दिसतात. तेच जरा बाजूला सरकून फेंडरच्या कडेने नजर टाकली की बंपर पिवळट आणि किंचित मळका दिसायला लागतो. ढगाळ हवेत आणि संध्याकाळी तर लांबूनही कळतं. रंगवणाऱ्याने "प्लॅस्टिकवर असंच दिसतं, महिनाभरात रंग बसेल" असं सांगितलं. तो महिना कधीच उलटून गेला.

आता बंपर स्वतः पुन्हा रंगवायचं मनात आहे. कॉम्प्रेसर आहे, एचव्हीएलपी (कमी दाबाने फवारणारी) गन आहे, साध्या रंगावर हात बसलेला आहे. पर्लचं काम मात्र केलेलं नाही. मुख्य प्रश्न असा की कोड तोच असताना शेड का हलते आणि ती हलू नये म्हणून काय करायचं? दुसरं म्हणजे, आत्ताचा रंग पूर्ण खरवडून काढायचा की त्यावरच मारायचा?

अस्तर
रंग बसून शेड बदलत नाही. क्लिअर (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) सुकला की जे दिसतं तेच कायम राहतं. वाट बघण्यात अर्थ नाही.

तुमच्या वर्णनातच बरंचसं निदान आहे. पर्ल व्हाइट बहुतेक वेळा तीन टप्प्यांत मारतात. खाली ग्राउंड कोट, म्हणजे पूर्ण झाकणारा पांढरा. त्यावर पर्ल कोट, म्हणजे जवळजवळ पारदर्शक रंगात पर्लचे कण. आणि सगळ्यात वर क्लिअर. साध्या रंगाने खालचं एकदा नीट झाकलं की वर आणखी दोन हात मारा, शेड जागची हलत नाही. पर्ल कोटचं तसं नाही. तो कधीच झाकत नाही, त्यामुळे प्रत्येक हाताला शेड पुढे सरकते. पांढऱ्यात जादा हात पडले की समोरून चमक छान दिसते आणि कडेने पाहिलं की पिवळटपणा आणि गडदपणा येतो. तुम्ही सांगताय ते अगदी हेच. बंपर समोरूनही वेगळा दिसत असता तर मी आधी ग्राउंड कोटवर संशय घेतला असता.

डब्यात काय आहे एवढंच कोड सांगतो. तो रंग किती हात मारला, किती ओला मारला, किती लांबून मारला, हे डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि पर्लमध्ये निम्मी शेड त्यातूनच ठरते. म्हणून डबा बदलण्याच्या मागे लागू नका.

शिकाऊ
मेटॅलिकमध्येही कण असतातच ना? मग पर्लचंच एवढं का?

अभ्रक
@शिकाऊ, मेटॅलिकमध्ये अॅल्युमिनियमचे कण असतात. त्यातून उजेड आरपार जात नाही, आरशासारखा परत फिरतो. त्यामुळे मेटॅलिक झाकतं.

पर्लचा कण म्हणजे सहसा अभ्रकाची पातळ चकती आणि तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप. लेपाची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतकी कमी असते. उजेडाचा काही भाग लेपाच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, काही खालच्या, आणि हे दोन्ही भाग एकमेकांत मिसळून काही रंग उठतात, काही विझतात. लेप पातळ असेल तर रुपेरी पांढरी झाक येते. तो जाड करत गेलं की सोनेरी, मग तांबूस, मग निळी, मग हिरवी. उरलेला उजेड कणातून आरपार जातो, ग्राउंड कोटला धडकतो आणि पुन्हा कणांमधून वाट काढत बाहेर येतो. म्हणजे तुम्हाला दिसणाऱ्या रंगात खालच्या पांढऱ्याचा वाटा मोठा. कडेने बघताना उजेडाला पर्लच्या थरातून तिरपा, लांबचा रस्ता कापावा लागतो, म्हणून थर जाड झाल्याची चुगली आधी तिथेच होते.

काही नव्या रंगांत अभ्रकाऐवजी अॅल्युमिनाच्या चकत्या असतात. त्यांची चमक टोकदार, उन्हात ठिणग्या उडाल्यासारखी. अशा रंगावर साधा पर्ल मारला तर सावलीत जुळेल, उन्हात उघडा पडेल.

निळा_थिनर
अस्तरशी सहमत, फक्त एक आधी तपासा. तुमचा रंग खरंच तीन टप्प्यांचा आहे का? पर्लचे कण बेसमध्येच मिसळलेले आणि वर थेट क्लिअर, असे दोन टप्प्यांचे पर्लही असतात. कोडावरून कळतं. उदाहरणार्थ टोयोटाचा ०४० हा साधा पांढरा आणि ०७० पर्ल. होंडाच्या एनएच-७८८पी मध्ये शेवटी पी आहे, तो पर्लचा. रंग बनवून देणाऱ्याला कोड सांगितला की ग्राउंड आणि पर्ल असे दोन डबे निघतात की एकच, ते तो लगेच सांगेल. दोन निघायला हवेत आणि तुम्हाला एकच मिळाला असेल तर पुढे जाऊच नका.

त्याच वेळी व्हेरियंट विचारा. एकाच कोडाचे बरेचदा तीन-चार व्हेरियंट असतात, कारण वेगवेगळ्या कारखान्यांत आणि वेगवेगळ्या काळात तोच रंग थोडा इकडे-तिकडे जातो. व्हेरियंटची छापील कार्डं गाडीला लावून बघा. बघण्याआधी फेंडर शाम्पूने धुवून हलकं पॉलिश करून घ्या. फेंडरवर साचलेल्या मळाशी रंग जुळवलात तर पहिल्या पॉलिशला जुळणी गेली.

चारचाकी_प्रेमी
हल्ली शेड वाचायचं यंत्र असतं. गाडीला लावलं की फॉर्म्युला येतो. एवढी उठाठेव कशाला?

अस्तर
यंत्र चांगलंच आहे, मिळत असेल तर जरूर वापरावं. पण पर्लला एकाच कोनातून वाचणारं चालत नाही. १५, ४५, ११० अंश अशा अनेक कोनांतून वाचणारं लागतं. आणि इतकं करून यंत्र देतं तो फॉर्म्युला. तुमची गन आणि तुमचा हात त्या फॉर्म्युल्यात नसतो. तो कळायला एकच मार्ग आहे, नमुन्याची पट्टी. याबद्दल नीट लिहितो, कारण या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे.

वहीच्या पानाएवढा पत्रा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. बंपरवर जो प्रायमर येणार आहे तोच त्यावर मारा. एका कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या चौकटींचं स्टिकर लावा आणि ग्राउंड कोट इतके हात मारा की काळं-पांढरं कळेनासं व्हावं. झाकायला किती हात लागले ते मागे लिहून ठेवा. गाडीवरही तितकेच.

ग्राउंड सुकला की तुकड्याचे चार आडवे पट्टे मनात धरा. वरचे तीन कागदाने झाका, फक्त तळचा उघडा ठेवा आणि पर्लचा एक हात मारा. तो मॅट दिसेपर्यंत थांबा. कागद एक पट्टा वर सरकवा, आता उघड्या असलेल्या दोन्ही पट्ट्यांवर हात मारा. पुन्हा थांबा, पुन्हा सरकवा. शेवटी तळाला चार हात, त्यावर तीन, मग दोन, आणि सगळ्यात वर एक. मग सगळ्यावर क्लिअर. क्लिअरशिवाय तुलना करू नका, पर्लची खोली क्लिअरखालीच उघडते.

तुकडा पूर्ण सुकला की फेंडरवर सपाट टेकवा. हातात धरून मागे-पुढे नको, त्याच पातळीत हवा. समोरून बघा, अर्ध्या तिरप्या नजरेने बघा, मग गाल फेंडरला लागेल इतकं कडेने बघा. आधी उन्हात, मग सावलीत. ट्यूबलाइटखाली निकाल लावू नका. तिथे जुळलेली शेड उन्हात फुटलेली मी खूपदा पाहिली आहे. चारपैकी एक पट्टा तिन्ही नजरांना फेंडरमध्ये विरघळून जातो. बंपरवर तेवढेच हात.

पट्टी मारताना गनचं नोझल, दाब, अंतर, थिनरचं प्रमाण सगळं तेच ठेवा जे बंपरला ठेवणार आहात. त्यात बदल केलात तर पट्टी बाद.

शिकाऊ
स्प्रेच्या डब्यांनी हे जमेल का? तीन डब्यांचा संच मिळतो, ग्राउंड, पर्ल, क्लिअर.

निळा_थिनर
आरशाचं कव्हर, दाराचं हँडल, इतपत ठीक. ते भाग सुटे असतात, वळणदार असतात, शेजारी सपाट पृष्ठभाग नसतो. बंपरला नको. डब्याचा फवारा अरुंद, दाब डबा रिकामा होत जाईल तसा उतरतो, त्यामुळे पर्लचे पट्टे-पट्टे उमटतात आणि ते क्लिअरखाली आणखी ठळक होतात. तरीही डबेच वापरणार असाल तर क्लिअर टू-केचा, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर कडक होणारा घ्या, ज्याच्या बुडाशी हार्डनर फोडायचं बटण असतं. साधा वन-के (हार्डनर नसलेला) क्लिअर पेट्रोलच्या थेंबाने मऊ पडू शकतो. हे बटण एकदा दाबलं की डबा ठेवून देता येत नाही, काम लगेच उरकावं लागतं. पट्टी डब्यांनीही मारताच येते, ती चुकवू नका.

वाटसरू
फार मोलाची माहिती, आभार. रंग दोन डब्यांचाच आहे, खात्री केली. दुसरा प्रश्न राहिला: आहे त्या रंगावर मारू का?

अस्तर
आधी त्याची पकड बघा. आतल्या बाजूला वळणाऱ्या, न दिसणाऱ्या भागावर ब्लेडने बारीक उभ्या-आडव्या रेघा मारून चौकडा करा, चांगली चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकटी पट्टीबरोबर निघून आल्या तर पकड नाही, सगळं काढावं लागेल. नाही निघाल्या तर आहे तो रंग तुमचं अस्तर. ६०० नंबरच्या पेपरने कोरडं किंवा ८००ने ओलं घासून एकसारखं मॅट करा आणि ग्राउंड कोटपासून सुरुवात करा. पर्लवर थेट पर्ल मारून शेड मागे आणता येत नाही, ती पुढेच जाते. पुन्हा पांढऱ्यावर यावंच लागतं.

घासताना कुठे कच्चं प्लॅस्टिक उघडं पडलं तर तिथे अॅडहेशन प्रमोटर (रंगाला प्लॅस्टिकवर पकड देणारा थर) हवाच. बंपरच्या आत बहुतेकदा PP+EPDM अशी अक्षरं ओतलेली असतात. या जातीच्या प्लॅस्टिकला रंग आपणहून धरत नाही. पोपडे निघालेले बंपर दिसतात ना, त्यातले बरेचसे याच कारणाने. घासण्याआधी साबणाच्या पाण्याने धुणं आणि डीग्रीझर फिरवणं, दोन्ही करा. आधी घासलंत तर मेण आणि सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंग मारताना जागोजागी डोळे, म्हणजे गोल खळगे, पडतात.

निळा_थिनर
मारण्याबद्दल माझे दोन शब्द.

बंपर गाडीवर जसा उभा असतो तसाच स्टँडवर टांगा. जमिनीवर आडवा ठेवून मारला तर कण वेगळे बसतात आणि उभा केल्यावर शेड वेगळी दिसते. १.३ मिलिमीटरचं नोझल, गनमध्ये हवा शिरते तिथे साधारण २ बार दाब, पंधरा ते वीस सेंटीमीटर अंतर. तुमच्या गनच्या आणि रंगाच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तो खरा. साध्या रंगाला एकावर एक निम्मा पट्टा चढवतो, पर्लला पाऊण चढवा. बंपरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जायचं. मध्येच ट्रिगर सोडला की तिथे ढग उमटतो.

ओला हात मारला की कण खाली बुडतात आणि शेड गडद होते, कोरडा मारला की कण वर उभे-आडवे पडतात आणि खरखरीत, फिकट दिसतं. मध्यम ओला, आणि सगळे हात सारखे. पर्ल डब्याच्या तळाशी बसतो, तेव्हा ओतण्याआधी तळ खरवडून ढवळा आणि मारताना कपही अधूनमधून हलवत राहा. पहिल्या आणि शेवटच्या हातात फरक येतो तो कितीदा तरी एवढ्याशा आळसाने.

पर्ल कोटवर कस्पट बसलं तर घासायचा मोह आवरा. कापले गेलेले कण क्लिअरखाली करडा डाग होऊन बसतात. घासावंच लागलं तर सुकू द्या, ते काढा, आणि त्यावर ग्राउंडपासून पुन्हा.

अस्तर
आणि शेजारच्या फेंडरवर ब्लेंड करा, म्हणजे पर्ल थोडा फेंडरवर नेऊन विरवून टाका. हा सल्ला कितीही कंटाळवाणा वाटला तरी.

निळा_थिनर
इथे माझं मत वेगळं आहे. पट्टी तिन्ही नजरांना जुळली असेल तर बंपरसाठी चांगल्या फेंडरचा कारखान्याचा क्लिअर घासू नये. बंपर आणि फेंडरमध्ये फट असते, पृष्ठभागही तिथे वळतो. नव्या गाडीतही बंपर सहसा वेगळ्या ठिकाणी, पत्र्याऐवजी प्लॅस्टिकवर रंगवलेला असतो, नीट पाहिलं तर तिथेही बारीकसा फरक सापडतो. दार किंवा फेंडर रंगवत असाल तर गोष्ट निराळी. एकाच रेषेतले दोन सपाट पत्रे शेजारी, तिथे ब्लेंडशिवाय पर्ल करूच नये.

अस्तर
दाराबद्दल दुमत नाही. बंपरलाही पट्टी तंतोतंत जुळली तर तुमचं म्हणणं मान्य. पण बरेचदा गाडीची शेड दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी अडकते. अशा वेळी नेमकी शेड गाठायची धडपड करण्यापेक्षा डोळ्याला फरक सापडणार नाही अशी सोय करावी, आणि ती ब्लेंडनेच होते.

सावध_वाचक
सगळे रंगाबद्दल बोलताहेत, मी श्वासाबद्दल बोलते. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा वास धोक्याची सूचना देण्याइतका येत नाही, त्यामुळे मास्कची कार्ट्रिज संपलेली तुम्हाला कळणार नाही. एकदा शरीराला त्यांची अॅलर्जी जडली की नंतर अगदी थोड्या वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि ही अॅलर्जी सहसा जात नाही. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी आहे. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, पूर्ण अंग झाकणारा सूट, डोळ्यांना संरक्षण. गॅरेजमध्ये घरातलं दुसरं कुणी नको, लहान मूल तर नकोच. ही सोय नसेल तर प्रायमर, ग्राउंड, पर्लची पट्टी हे सगळं शिका, पण क्लिअर बूथ असलेल्याकडून मारून घ्या.

अस्तर
सावध_वाचक यांच्या प्रतिसादातला शब्दन्‌शब्द मनावर घ्या.

वाटसरू
हवा पुरवणारा मास्क भाड्याने मिळाला, त्यानंतरच डबा उघडला. पट्टी मारली. तीन आणि चार हातांचे पट्टे कडेने पिवळट, म्हणजे आत्ताच्या बंपरसारखेच. दोन हातांचा पट्टा कडेने हुबेहूब, पण समोरून उन्हात जरा कोरा वाटतो, फेंडरची चमक त्याच्यापेक्षा थोडी जास्त. एक हाताचा तर नुसता पांढरा. आता?

अभ्रक
झकास! आधी बोनेट उघडून इंजिनाच्या बाजूचा पत्रा बघा. काही गाड्यांत तिथे कारखान्याने फक्त ग्राउंड कोट सोडलेला असतो, पर्ल पूर्ण मारलेला नसतो. तुमच्या गाडीत तसं असेल तर पट्टीचा ग्राउंड त्याच्याशी ताडून बघता येईल.

वाटसरू
बघितलं. आत झाक नाही, सपाट पांढरा आहे, आणि पट्टीच्या ग्राउंडशी जुळतो.

अस्तर
मग ग्राउंड बरोबर, प्रश्न फक्त पर्लच्या मात्रेचा. तुमची शेड दोन आणि तीनच्या मध्ये आहे. दोन पूर्ण हात मारा, आणि ते मॅट झाल्यावर एक हलका फवारा: दाब थोडा कमी, अंतर थोडं जास्त, हात झपाझप. पूर्ण हात नव्हे, नुसती झुळूक. हे आधी नव्या तुकड्यावर करून बघा. कडेने पिवळट न होता समोरून चमक भरली पाहिजे.

आणि दोन्ही फेंडरच्या पुढच्या भागात ब्लेंड घ्या. फेंडर पूर्ण १००० नंबरने ओला घासून घ्या. ग्राउंड बंपरवरच थांबवा, फेंडरवर त्याचा कणही नको. बंपर जागेवर धरून, पर्लचा पहिला हात बंपरपुरता, दुसरा फेंडरवर वीतभर, शेवटचा हलका फवारा त्याच्याही पुढे जाऊन मनगट वळवत विरवून टाकायचा. त्याआधी फेंडरवर ब्लेंडिंग क्लिअरचा ओला हात असेल तर विरणाऱ्या कडेचे कण उभे न राहता आडवे झोपतात, नाहीतर तिथे करडी किनार दिसते. मग क्लिअर अख्ख्या फेंडरवर, पत्र्याच्या शेवटच्या कडेपर्यंत. मध्येच क्लिअर विरवू नका, काही काळाने ती रेघ वर येते.

वाटसरू
झालं काम. झुळूकवाला तुकडा उन्हात आणि सावलीत फेंडरला जुळला, मगच गाडीला हात घातला. आज सकाळी, भर दुपारी आणि ढग आल्यावर बघितलं. कडेने डोळा लावला तरी फेंडर कुठे संपला आणि बंपर कुठे सुरू झाला ते फक्त फटीवरून कळतं. क्लिअरवर दोन ठिकाणी कस्पट आहे आणि खालच्या ओठाजवळ एक बारीक ओघळ. तो कधी काढू?

निळा_थिनर
अभिनंदन! ओघळ घाईने काढू नका, आतून मऊ असेल तर पेपर रुतेल. क्लिअरच्या पत्रकात पॉलिशसाठी जो वेळ दिलाय तो पूर्ण जाऊ द्या, हवेत सुकवलं असेल तर वर आणखी एक दिवस. मग छोट्या कडक ठोकळ्यावर १५०० गुंडाळून फक्त ओघळाचा उंचवटा उतरवा, २००० आणि ३०००ने ओरखडे बारीक करा आणि कंपाउंड फिरवा. प्लॅस्टिकवर मशीन एका जागी थांबवू नका, तापतं. मेण आणि सिरॅमिक कोटिंग महिनाभर तरी नको.

अस्तर
ओघळाच्या ठिकाणी घासताना पाणी दुधाळ दिसत असेल तर तुम्ही क्लिअरमध्येच आहात. पाण्यात मोतिया चमक उतरली तर लगेच थांबा, तो पर्ल आहे.

तो जुळलेला तुकडा टाकू नका. मागे कोड, व्हेरियंट, ग्राउंडचे हात, पर्लचे हात, नोझल, दाब, थिनर कोणता, सगळं मार्करने लिहा आणि उजेड लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. पुढे दार किंवा मागचा बंपर रंगवायची वेळ आली तर निम्मं काम तिथेच झालेलं असेल.